‘उपस्थित’ म्हणजे नेमकं कुठे?

जालना जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, बुलढाण्याच्या हद्दीला लागून जाफराबाद तालुका आहे. पूर्णा नदी, कापूस, सोयाबीन, मका, आणि ‘पाऊस कसाय?’ या प्रश्नाने सुरू होणारी बोलणी. या तालुक्यातल्या एखाद्या गावात राहणाऱ्या माणसाच्या वतीने बोलणाऱ्या सभा किती, ते मोजून बघा. गावाची ग्रामसभा. ग्रामपंचायत. जाफराबादची पंचायत समिती. जालन्याची जिल्हा परिषद. मुंबईतली विधानसभा, जिथे हा तालुका भोकरदन मतदारसंघातून जातो. दिल्लीतली लोकसभा, जिथे तो जालना मतदारसंघातून जातो. एकूण सहा. तालुक्याच्या गावी राहत असाल, तर ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत.

२०२० साली या सभा एकामागोमाग एक थांबल्या किंवा आक्रसल्या. त्याच वर्षी त्या माणसाच्या हातातला मोबाइल मात्र कधी नव्हे एवढा बोलत होता. मुख्यमंत्री फेसबुक लाइव्हवर येत होते. घनसावंगीचे आमदार राजेश टोपे तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री आणि जालन्याचे पालकमंत्री होते. ते रोज बातम्यांत दिसत होते. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येत होता. आपल्याकडचे खटले जातात त्या औरंगाबाद खंडपीठात वकील कॅमेऱ्यासमोर युक्तिवाद करत होते. मग कायदे करणाऱ्या आणि सरकारला जाब विचारणाऱ्या सभांनाच मोबाइल का चालला नाही?

उत्तराच्या मुळाशी एक साधा शब्द आहे. तो राज्यघटनेत आहे आणि आपल्या गावगाड्याच्या जुन्या कागदांतही आहे. तो म्हणजे ‘उपस्थित’, किंवा जुन्या भाषेत ‘हाजीर’.

नांगराची सही

मराठेशाहीत आणि त्याच्याही आधी गावात वतनाचा, शिवेचा, वडीलकीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसायची. निवाडा झाला की त्याचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणत. इतिहास संशोधकांनी असे महजर शेकड्यांनी छापले आहेत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तंटा काय, साक्षी कोण, निकाल कोणता याच्या आधी येते ती नावांची यादी: ‘हाजीर मजालस’. म्हणजे या बैठकीला कोण कोण हजर होतं. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, मग बलुतेदार. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी काढत. कुणब्याचा नांगर, सुताराची हत्यारं, न्हाव्याचा आरसा. आज आपण अंगठा म्हणतो त्या जागी तेव्हा धंद्याचं चित्र होतं.

या यादीला एवढं महत्त्व कशासाठी? तर निवाड्याचं बळ तिच्यात होतं. उद्या कुणी म्हणालं की हे ठरलंच नव्हतं, तर ज्यांच्या देखत ठरलं ती माणसं गावात होती. गोतसभा समान नव्हती. कोण कुठे बसणार आणि कोण बोलणार हे जातीवर आणि वतनावर ठरायचं, बायकांना तिथे जागा क्वचितच. पण निर्णय हजर माणसांच्या साक्षीने होतो हे तत्त्व पक्कं होतं.

आपल्या घटनेने ही कल्पना वेगळ्या वाटेने, ब्रिटिश संसदेकडून घेतली. कलम १८९ सांगतं की विधिमंडळातले निर्णय ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्या’ सदस्यांच्या बहुमताने होतील. संसदेसाठी हेच कलम १०० मध्ये आहे. गणपूर्ती एकदशांश, म्हणजे २८८ जणांच्या विधानसभेत २९. कलम १७४ प्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. पण ‘उपस्थित’ म्हणजे एका छताखाली, की आवाज पोहोचेल एवढं पुरे, याचा खुलासा घटनेने केलेला नाही. १९५० साली तो करण्याची गरज कुणाला वाटली असती?

संकट आलं की सभा जागा बदलते

त्याआधीची संकटं सभागृहांनी जागा बदलून निभावली होती. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा संसद ऑक्सफर्डला भरली. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बने हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह उद्ध्वस्त केलं, तेव्हा कॉमन्स सदस्य लॉर्ड्सच्या सभागृहात जाऊन बसले. रोगापासून किंवा बॉम्बपासून दूर जाता येतं, हे त्यामागचं साधं गणित.

जाफराबादकरांना तर सभागृहाने जागा बदलणं नवं नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या लोकांनी मत दिलं ते हैदराबादच्या विधानसभेसाठी. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथला आमदार हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागला. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याची सभाही औरंगाबादहून जालन्याला आली. नागपूर करारापायी आपलं विधिमंडळ दरवर्षी हिवाळ्यात मुंबई सोडून नागपूरला जातं, म्हणजे अख्खं सभागृह बिऱ्हाड हलवून शेकडो किलोमीटर नेण्याचा सराव महाराष्ट्राएवढा थोड्याच राज्यांना असेल.

२०२० चा विषाणू वेगळा होता. त्याच्यापासून पळून जायला ऑक्सफर्ड नव्हतं. धोका एकत्र बसण्यातच होता, आणि सभा म्हणजे तर एकत्र बसणं.

मार्च ते मे: खुर्ची आणि कॅलेंडर

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. २० मार्चपर्यंत चालायचं ते १४ मार्चलाच गुंडाळलं. २३ मार्चला संसदही थांबली. पुढच्या दिवशी टाळेबंदी जाहीर झाली.

टाळेबंदीत सभागृह बंद होतं, पण घटनेचं कॅलेंडर चालूच होतं. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. कलम १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांत सदस्य होणं भाग होतं, नाहीतर पद जाणार. विधान परिषदेची निवडणूक कोरोनामुळे पुढे ढकलली गेली. मंत्रिमंडळाने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे दोनदा शिफारस केली, की त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करा. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं, आयोगाने नऊ जागांसाठी २१ मे ही तारीख दिली, नऊच उमेदवार उरले आणि निवडणूक बिनविरोध झाली. १८ मे ला त्यांनी आमदारकीची शपथ घेतली. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

हा प्रसंग तेव्हा राजकीय कुरघोडी म्हणून गाजला. आता लांबून बघताना त्यात दुसरं काही दिसतं. जिथे अडलं तिथे यंत्रणेने वाट काढली. मंत्रिमंडळाच्या बैठका व्हिडिओ कॉन्फरन्सवर होऊ लागल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या, पोलिसांच्या, आरोग्य विभागाच्या बैठका पडद्यावर गेल्या. पुढे जुलैमध्ये नगरविकास विभागाने महापालिका-नगरपालिकांच्या सभाही व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यायला सांगितलं. सरकार नावाची गोष्ट तंत्रज्ञानावर स्वार होऊन चार महिन्यांत बरीच पुढे गेली. विधिमंडळ होतं तिथेच राहिलं. पावसाळी अधिवेशन २२ जूनला व्हायचं ते ३ ऑगस्टवर गेलं, मग ७ सप्टेंबरवर. त्यापुढे ढकलायला जागाच उरली नाही, कारण सहा महिन्यांची अट १४ सप्टेंबरला पूर्ण होणार होती.

दोन दिवसांचं अधिवेशन

अखेर ७ आणि ८ सप्टेंबर २०२० असे दोन दिवस अधिवेशन भरलं. आत जाण्याआधी प्रत्येकाची कोरोना चाचणी. बाकावर अंतर ठेवून आसनं. जागा पुरेना म्हणून काही सदस्य प्रेक्षकांच्या सज्जात. अध्यक्ष नाना पटोले स्वतःच बाधित असल्यामुळे कामकाज उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी चालवलं. प्रश्नोत्तराचा तास नाही, लक्षवेधी नाहीत. सरकारने २९ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या. विधेयकं आली आणि मंजूर झाली.

प्रश्नोत्तराचा तास वगळला म्हणजे काय झालं, ते तालुक्याच्या नजरेने बघू. तारांकित प्रश्न हे आमदाराच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरची जागा किती दिवस रिकामी आहे, पीक विम्याचे पैसे का अडले, अमुक रस्त्याचं बिल निघालं पण रस्ता कुठे आहे, असे प्रश्न छापील स्वरूपात मंत्र्याकडे जातात. मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, ते देण्यासाठी खात्याला फाइल उघडावी लागते. आणि सभागृहात उपप्रश्न येईल या धास्तीने ती नीट वाचावी लागते. ज्या वर्षी खाटा, ऑक्सिजन, रेशन आणि मजुरांच्या रेल्वेगाड्या हे जीवनमरणाचे विषय होते, त्या वर्षी फाइल उघडायला लावणारी ही सोय बंद होती. आणि खरं तर सगळ्या कामकाजात हाच भाग ऑनलाइन करायला सर्वांत सोपा होता.

‘उपस्थित’ या शब्दाचा खटका उडाला तो ८ सप्टेंबरला, विधान परिषदेत. उपसभापतिपदाची निवडणूक होती. सत्ताधाऱ्यांकडून नीलम गोऱ्हे, भाजपकडून भाई गिरकर. विरोधकांचा आक्षेप असा की काही सदस्य कोरोनाबाधित किंवा विलगीकरणात आहेत, त्यांना येता येत नाही, मग त्यांच्या मताचं काय? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि गोऱ्हे आवाजी मतदानाने निवडून आल्या. पक्ष बाजूला ठेवा. प्रश्न चोख होता. आजारी पडणं हा गुन्हा नाही, आणि नियम पाळून घरी थांबलेल्या लोकप्रतिनिधीचं मत मोजण्याची सोय नसेल, तर रोगाने सभागृहातलं बहुमत बदलू शकतं. पण या प्रश्नाचं उत्तर देणारा नियम तेव्हा केला गेला नाही.

त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशनही १४ आणि १५ डिसेंबर असं दोनच दिवसांचं झालं, आणि तेही नागपूरऐवजी मुंबईत.

दिल्लीत दोन सभागृहं, एक सभा

१४ सप्टेंबरला संसद भरली तेव्हा तिथे तंत्रज्ञान दिसलं. लोकसभेचे सदस्य राज्यसभेच्या सभागृहातही बसले, राज्यसभेचे लोकसभेच्या. मोठे पडदे, मायक्रोफोन, मधून प्लास्टिकच्या आडोशा. हजेरी मोबाइल ॲपवर. एक सभागृह सकाळी, दुसरं दुपारी. बसून बोलायला परवानगी. दोन इमारतीतल्या जागा जोडून एक सभा बनवता येते हे इथे सिद्ध झालं. म्हणजे ‘उपस्थित’ या शब्दाचा अर्थ एका भिंतीपलीकडे ताणला गेला होता. मग आणखी हजार किलोमीटर ताणायला काय हरकत होती?

हरकत होती. संसदीय समित्यांच्या अनेक अध्यक्षांनी व्हिडिओ कॉन्फरन्सवर बैठका घेऊ द्या अशी मागणी केली होती. गोपनीयतेच्या नियमाचं कारण देऊन ती मान्य झाली नाही. तोंडी प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. लेखी उत्तरं तेवढी मिळत राहिली. सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं की १९६२ च्या चीन युद्धात आणि आणीबाणीतही असं झालं होतं. दाखला खरा होता. पण आणीबाणीचा दाखला हा समर्थनापेक्षा इशारा म्हणूनच वाचायला हवा.

२० सप्टेंबरला राज्यसभेत कृषी विधेयकं आली. जूनमध्ये ती वटहुकूम म्हणून निघालीच होती. बाजार समितीबाहेर शेतमाल विकणं, करार शेती. जाफराबादच्या सोयाबीनवाल्याशी याचा थेट संबंध. विरोधकांनी मतविभागणी मागितली. म्हणजे हो-ना च्या आवाजावर नको, माणसं मोजा. गोंधळ झाला, पीठासीन उपसभापतींनी आवाजी मतदान घेतलं, विधेयकं मंजूर झाली. मतविभागणी मागणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, असं कारण पुढे आलं. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. हे कायदे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर गाजले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला चर्चेशिवाय मागे घेतले गेले. आलेही मोजणीशिवाय, गेलेही चर्चेशिवाय.

इथे कळतं की मुद्दा यंत्रांचा नव्हता. दोन सभागृहं जोडणारे पडदे होते, हजेरीचं ॲप होतं. त्या दिवशी माणसागणिक मत नोंदवायची इच्छा नव्हती.

ज्यांनी करून पाहिलं

ज्यांची इच्छा होती त्यांनी आठवड्यांत मार्ग काढला. ब्राझीलच्या सेनेटने २० मार्च २०२० रोजी, म्हणजे आपलं अधिवेशन गुंडाळल्यानंतर सहाव्या दिवशी, दूरस्थ मतदान घेतलं. २६ मार्चला युरोपियन संसदेने ईमेलने मतं घेतली. सदस्याने मतपत्रिका छापायची, सही करायची, फोटो काढून परत पाठवायची. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा दाखला मागवताना करतो तसंच. ब्रिटनच्या कॉमन्समध्ये २२ एप्रिलला काही सदस्य सभागृहात आणि बाकीचे झूमवर, अशी मिश्र बैठक झाली. १२ मे ला तिथे इतिहासातलं पहिलं दूरस्थ मतदान झालं.

पण तीन आठवड्यांत सरकारनेच ते मतदान बंद केलं. २ जूनला खासदार एकमेकांत अंतर ठेवून सुमारे किलोमीटरभर रांगेत उभे राहून मत द्यायला गेले. पुढे आजारी आणि घरी अडकलेल्यांसाठी दुसऱ्यामार्फत मत देण्याची सोय वाढवावी लागली.

या अनुभवांत तंत्रज्ञानाच्या मर्यादाही दिसल्या. झूमवरच्या सदस्याला मंत्र्याच्या चेहऱ्यावरचा घाम दिसत नाही. आपल्याकडे तर सभात्याग, अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरणं, पायऱ्यांवर घोषणा, हीसुद्धा विरोधकांची भाषा आहे. म्यूटचं बटण अध्यक्षांच्या हाती गेलं तर ती भाषाच बंद पडते. शिवाय कॅमेऱ्याच्या मागे कोण उभं आहे, सदस्य स्वतः बोलतोय की कुणी बोलवून घेतंय, हे कळायला मार्ग नाही. फोडाफोडीच्या राजकारणात हा धोका किरकोळ नाही.

भारतातला सर्वांत साधा तोडगा निघाला पुदुच्चेरीत. एका आमदाराला लागण झाल्याचं कळलं आणि २५ जुलै २०२० ला तिथली विधानसभा इमारतीबाहेर, कडुलिंबाच्या झाडाखाली बसली. अर्थसंकल्प मंजूर करून घेतला. ना ॲप, ना पडदा. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला ही पद्धत शिकवायची गरज नाही. आपल्या पारावर ग्रामसभा तशीच भरते.

पारावरची सभा

आणि नेमकी तीच सभा महाराष्ट्रात बंद होती.

ग्रामसभा ही आपल्या लोकशाहीतली एकच सभा अशी आहे जिथे मतदार प्रतिनिधीमार्फत नाही, स्वतः बसतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कारण नसताना न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. खर्चाचा हिशेब, घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामं इथे मांडायची असतात. कोरोनाच्या लाटांत राज्यभर ग्रामसभा स्थगित झाल्या. कारण समजण्यासारखं होतं. पण घरकुलाची यादी, हमीची कामं, गावात परतलेल्या मजुरांचं रेशन हे विषय थांबले नव्हते.

त्यात ग्रामपंचायतींच्या मुदती संपू लागल्या. ३१ मार्च २०२० ला व्हायच्या १,५६६ ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द झाल्या, आणि वर्षअखेरपर्यंत आणखी १२,६६८ ची मुदत संपणार होती. जूनमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला की अशा ठिकाणी प्रशासक नेमता येईल. जुलैच्या आदेशात म्हटलं की पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ नेमावी. म्हणजे गावाने न निवडलेला, पण पालकमंत्र्यांना योग्य वाटलेला माणूस सरपंचाच्या खुर्चीत. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या. शक्यतो सरकारी अधिकारीच नेमा, असं न्यायालयाने अंतरिम आदेशात बजावलं. मग विस्तार अधिकाऱ्यांसारख्या कर्मचाऱ्यांवर गावं सोपवली गेली. एकेका माणसाकडे अनेक गावं.

शेवटी १५ जानेवारी २०२१ ला एकाच दिवशी राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरलं. मास्क लावून, रांगेत उभं राहून गावांनी मतदान केलं. यातून एक विसंगती उघडी पडते. त्याच गावातली तीच माणसं शाळेच्या व्हरांड्यात रांगेने मत द्यायला चालत होती, पण शाळेच्या मैदानात अंतर ठेवून बसून हिशेब विचारायला मात्र वर्षभर कुणी बोलावलं नव्हतं.

ऑनलाइन ग्रामसभा हा उपाय होता का? कागदावर, हो. पण जाफराबादसारख्या तालुक्यात घरातला एकच स्मार्टफोन मुलाच्या शाळेत, नाहीतर वडिलांच्या खिशात अडकलेला. घरकुलाच्या यादीतलं नाव शोधणारी विधवा बाई त्या पडद्यावर कुठे दिसणार? गोतसभेत बसायला जात आडवी यायची. पडद्यावरच्या ग्रामसभेत हँडसेट आणि रेंज आडवी आली असती. म्हणून गावाला पडद्यापेक्षा मैदान बरं होतं, आणि विधिमंडळाला मैदानापेक्षा पडदा. झालं असं की दोन्हीकडे दोन्ही नाकारलं गेलं.

रिकामी जागा कुणाची?

पुढच्या वर्षी शेजारच्याच मतदारसंघाने ‘अनुपस्थिती’चा आणखी एक धडा दिला. ५ जुलै २०२१ ला, पुन्हा दोनच दिवसांच्या अधिवेशनात, इतर मागासवर्गाच्या आकडेवारीसंबंधीच्या ठरावावरून गदारोळ झाला आणि भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं गेलं. त्यात बदनापूरचे नारायण कुचे होते. म्हणजे जालना जिल्ह्यातला एक अख्खा मतदारसंघ, महामारीच्या मधोमध, वर्षभर आवाजाविना.

२८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने हे निलंबन रद्द केलं. त्याची मांडणी लक्षात ठेवावी अशी आहे. आमदाराला काढून टाकलं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते आणि मतदारसंघाला नवा आवाज मिळतो. वर्षभर निलंबित केलं तर जागा भरलेलीही राहते आणि रिकामीही. म्हणून अधिवेशन संपल्यावरही चालू राहणारं निलंबन ही शिक्षा आमदारापेक्षा मतदारांनाच जास्त. न्यायालयाच्या डोळ्यांसमोर कोरोना नव्हता, पण हाच निकष २०२० च्या सगळ्या रिकाम्या जागांना लावता येतो. विलगीकरणातला आमदार, वगळलेला प्रश्नोत्तराचा तास, भरू न शकलेली ग्रामसभा. गैरहजेरी खुर्चीवर दिसते, पण तिची किंमत मतदार मोजतो.

ज्या आकडेवारीवरून तो गदारोळ झाला, ती नसल्यामुळेच पुढे जाफराबाद नगरपंचायतीची निवडणूक दोन तुकड्यांत झाली. आरक्षण थांबल्याने काही प्रभागांत २१ डिसेंबर २०२१ ला मतदान, उरलेल्यांत १८ जानेवारी २०२२ ला. जाफराबादला निदान नगरसेवक मिळाले. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, जालन्याचीही. तिथे प्रशासक बसले आणि बसूनच राहिले. कोरोना ओसरला, शाळा भरल्या, लग्नं जोरात लागली, नागपूरला अधिवेशनही परत गेलं. पण या सभा भरल्या नाहीत. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आता या निवडणुका घ्या. या लांबणीचं कारण साथ नव्हतं, आरक्षणाचा वाद होता. मात्र सभेविना कारभार चालवता येतो, याची सवय साथीच्या काळातच लागली होती.

वरून खाली वाहणारी रेंज

२०२० कडे मागे वळून बघताना ‘आपण तंत्रज्ञानात कमी पडलो’ असं म्हणणं सोयीचं आहे. ते खरं नाही. मुख्यमंत्र्यांचा आवाज त्या वर्षी जाफराबादच्या शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचला. आदेश, इशारे, आकडे, आवाहनं सगळं पोहोचलं. बंद होती ती उलटी वाट: वाडीतला प्रश्न मंत्र्याच्या टेबलापर्यंत नेणारी. त्या वाटेवर ग्रामसभा होती, तारांकित प्रश्न होता, संसदीय समिती होती, मतविभागणी होती. त्या चारींपैकी कुणासाठीही पक्का, लेखी, संकटातही चालेल असा नियम आपण तेव्हा केला नाही.

पुढचं संकट कसलं असेल सांगता येत नाही. मराठवाड्याला दुष्काळाची सवय आहे, साथीची आता झाली. ते येण्याआधी ठरवून ठेवता येतील अशा गोष्टी फार नाहीत. प्रश्नोत्तरं कुठल्याही परिस्थितीत वगळायची नाहीत. तोंडी जमत नसतील तर पडद्यावर, तेही नसेल तर लेखी. आजारी सदस्याचं मत मोजायची पद्धत नियमावलीत घालायची. समित्यांना दुरून बसू द्यायचं. आणि ग्रामसभेला पडद्यावर ढकलण्याआधी तिला मैदान द्यायचं. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. नियम लागतो, आणि तो शांततेच्या काळातच करावा लागतो, कारण संकटात जो नियम करतो तो आपल्या सोयीचा करतो.

तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेलं असतं. फलकाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकणं हा मोबाइलचा एक चांगला उपयोग. पण त्या दिवशी इतिवृत्ताच्या वहीत कोण हजर होतं याची यादी होते, आणि तिथे नाव लागायला अजून तरी जाऊनच बसावं लागतं.